राणी हेमकळेचा शड्डू

शुक्रवारी टीव्हीवर घोडा उधळत येणारा मर्द गडी दिसेल, तो आपण, असं रविराजनं सायखेड्यात गावभर सांगून ठेवलं होतं! "हेमकळा राणीच्या मालिकेत मावळ्याचा रोल हाय. राणीला मीच वाचवतो!"

गावापुरतं ते खपून गेलं असतं. पण हीच फुशारकी त्यानं नाशकात रंगनाथरावांपुढेही मारली. त्यांची मुलगी वेदिका त्याला मनापासून आवडली होती आणि होकार-नकार शुक्रवारीच कळायचा होता.

"वा! मग एपिसोड आमच्याकडेच बघू सगळे," रंगनाथराव खुलले. "जावई कसा, मर्दानी हवा!"

रविराज कसनुसं हसला. कारण इगतपुरीजवळच्या शूटिंगला भलतंच घडलं होतं. हिरोईन घोड्याला घाबरायची. तिच्याऐवजी घोडा पळवणारी मुलगी नेमकी तापानं आडवी झाली. घोड्यावर नीट बसता येणारा, मावळ्याच्या रोलसाठी आलेला एकटा रविराज उरला.

"मिशी काढ," दिग्दर्शक म्हणाला.

"का? मावळ्याला मिशी नसती का?"

"मावळ्याला असते. राणीला नसते!"

तासाभरात तालमीत वाढलेला हा गडी नऊवारी नेसून, नथ घालून, पदर दातांत धरून घोड्यावर बसला. घोडा सुसाट निघाला आणि ओढा दिसताच पाणी प्यायला थांबला. रविराज मात्र थांबला नाही! तो थेट चिखलात गेला. कुस्तीत पडल्यावर उठताना करायचा तेच त्यानं सवयीनं केलं. उभा राहिला आणि मांडीवर सणसणीत शड्डू ठोकला. उजेड गेल्यामुळे पुन्हा शूटिंग झालंच नाही. "पडलेलं कापून टाकू," असं दिग्दर्शक म्हणाला होता. त्या एका वाक्यावर बिचारा जगत होता.

शुक्रवारी तो आई मैनाबाईंना घेऊन नाशकात पोचला. वेदिकाची आजी भिमाबाई टीव्हीसमोर आधीच ठाण मांडून बसली होती.

"बघ, हेमकळेसारखं असावं," आजी वेदिकाला म्हणाली. "मान खाली, आवाज खाली, चुकून कधी चूक नाही."

"म्हणूनच कंटाळा येतो गं तिचा!"

तेवढ्यात पडद्यावर राणी घोडा फेकत आली. रंगनाथराव पुढे सरकले. "मावळा कुठाय?"

"येईल मागून," रविराज घाम पुसत म्हणाला.

घोडा थांबला. राणी चिखलात पडली. मेल्या दिग्दर्शकानं काहीच कापलं नव्हतं! राणी उठली आणि तिनं शड्डू ठोकला.

मग मैनाबाई आनंदानं ओरडल्या, "अगं बया, ह्यो तर आमचा रवी! त्याचाच शड्डू हाय!"

रंगनाथरावांनी टीव्हीकडे पाहिलं, मग रविराजच्या सफाचट ओठाकडे. "म्हणजे मावळा..."

"मावळा नाय मामा. राणीच मी," रविराज पुटपुटला. उठावं आणि मिळेल ती एसटी धरावी, असं त्याला झालं.

वेदिका पोट धरधरून हसत होती. डोळे पुसत ती म्हणाली, "बाबा, माझा होकार!"

"अगं, पण हा लुगडं नेसून..."

"नेसला तर नेसला! पडल्यावर उठला कसा ते बघितलंत ना?"

"खरंच रे," भिमाबाई म्हणाली. "दोन वर्षं ती बाई नुसती रडतेय. आज पहिल्यांदा धडपडली, चिडली, उठली. मला तर आजच आवडली!"

आजीपुढे बोलायची रंगनाथरावांची टाप नव्हती. पेढे आले. सगळ्यांत मोठा पेढा आजीनं "घ्या राणीसाहेब" म्हणत रविराजला भरवला.

लग्नाच्या आठवड्यात दिग्दर्शकाचा फोन आला. राणीचा शड्डू लोकांनी डोक्यावर घेतला होता! आता राणी कुस्ती खेळणार होती.

नुकत्या फुटलेल्या मिशीवर हात ठेवून रविराज विनवू लागला, "साहेब, लग्नानंतर आलो तर?"

वेदिकानं फोन हिसकावला. "उद्याच येतोय तो. मिशी मी काढून पाठवते!"

म्हणून त्यांच्या लग्नाच्या फोटोत नवऱ्याला मिशी नाही. तो मान खाली घालून उभा आहे, आणि शेजारी शड्डू ठोकतेय ती नवरी!