वळीव रद्द करण्यात आला आहे

"मोबाईलवर ढग दाखवतंय, अब्बा. विजा पण. मदिहा विजांना लई भिते. हवा बघून ठरवू की." एवढं बोलून तमन्नानं पुण्याहून फोन ठेवला, आणि इकडं कोल्हापुरात फक्रुद्दीनच्या हातातल्या चहावर साय धरली.

यंदा एक मे शुक्रवारी आला होता. लागून शनिवार, रविवार. असा योग हातचा घालवायचा म्हणजे करंटेपणाच. दिवाळीच्या सुट्टीत नातीला ताप आला म्हणून लेक आली नाही, ईदला जावयाला रजा नाही म्हणून राहिली. मदिहा मागं आली होती तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडले होते. ते केव्हाच नवे आले, पण आजी-आजोबांनी ते फक्त मोबाईलच्या काचेतून पाहिले होते. तिच्यासाठी फक्रुद्दीनच्या बायकोनं, मदिनानं, माळ्यावर आंब्याची अढी घातली होती आणि आता सगळ्या घराला आंब्याचा वास सुटला होता.

"आंबं पिकलं," मदिना म्हणाली. "आता कुणी खायाचं?"

फक्रुद्दीननं चहावरची साय बोटानं बाजूला सारली. हा गृहस्थ नोकरीभर एसटी स्टँडावर माइकसमोर बसून गाड्या पुकारत होता. त्यानं 'लागली आहे' म्हटलं की गाडी लागायची, 'रद्द' म्हटलं की रद्द व्हायची. चंदगडच्या पावण्यानं कितीही आरडाओरडा केला तरी रद्द म्हणजे रद्द. आपण पुकारलं की जग तसं वागतं, ही समजूत निवृत्त झाल्यावरही त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. त्यानं चष्मा चढवला आणि घरच्या ग्रुपवर टाईप केलं :

'कोल्हापूर जिल्हा व परिसर. शुक्रवार ते रविवार आकाश निरभ्र राहील. सायंकाळी गार वारा सुटेल. तुरळक ठिकाणी अपेक्षित असलेला वळीव काही अपरिहार्य कारणास्तव रद्द करण्यात आला आहे. प्रवाशांनी याची नोंद घ्यावी.'

"ह्यात खोटं काय न्हाय," तो बायकोला म्हणाला. "नुसता अंदाज हाय."

"अंदाज न्हवं, आशा हाय ती," मदिना म्हणाली. पण तीही लगेच गाद्यांना ऊन दाखवायला गेली.

घरच्या ग्रुपवर गारगोटीचा मेहुणा होता. त्याला आलेला कुठलाही मेसेज पुढं ढकलल्याशिवाय जेवण जात नसे. अंदाज गारगोटीहून आजऱ्याला गेला, तिथं कुणीतरी वर तांबड्या अक्षरात 'अधिकृत' असं चिकटवलं, आणि दुसऱ्या दिवशी तो गल्लीत परत आला. शेजारच्या धोंडुबाई मोबाईल नाचवत दारात उभ्या.

"भाईजान, वाचलासा का? वळीव रद्द झालाय म्हणं! मी गव्हू भिजत घातलं. कुरडया शुक्रवारी तुमच्या गच्चीवर घालणार बघा, तुमची गच्ची मोठी."

"धोंडुबाई, हवेचं काय सांगता येतंय व्हय?" फक्रुद्दीन घाबरून म्हणाला.

"अवो, अधिकृत हाय की! सरळ लिवलंय."

समोरच्या हंबीररावांनी तर कहरच केला. शुक्रवारी संध्याकाळी नातवाचं जावळ होतं आणि जेवणाच्या पंगती गच्चीवर. त्यांनी मंडपवाल्याची ताडपत्री परत पाठवली. "उगंच डोस्क्यावर ओझं. वाऱ्यात जेवूद्यात पावणं."

फक्रुद्दीननं दोनदा ग्रुप उघडला आणि दोनदा मिटला. खरं सांगावं तर लेक यायची नाही, न सांगावं तर कुरडया आणि रस्सा उघड्यावर. शेवटी माणूस लेकीचा बाप होता. तो गप्प बसला.

गुरुवारी जावयाचा, वसीमचा, फोन आला. स्वर मोठा खुशीत.

"अब्बा, तुम्ही पाठवलेला अंदाज वाचला. मोबाईलवरचं काय खरं नसतं बघा! सगळीकडं कोरडं आहे म्हटल्यावर गोव्याचंच बुकिंग करून टाकलं. आजऱ्यावरून आंबोलीनं उतरतो. परतताना वेळ मिळाला तर डोकावतो."

फक्रुद्दीनचं तोंड कडू झालं. पोरीला आणायला त्यानं ढग पुसले होते, आणि पोरगी त्याच पुसलेल्या आभाळाखालून गोव्याला निघाली होती. मदिनाला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही, हेच त्याला जास्त लागलं. तिनं मुकाट्यानं अढीतले चांगले आंबे निवडून पिशवीत भरले. "कोल्हापूरवरनंच जाणार न्हवं? हमरस्त्यावर हुबं ऱ्हावा. दोन मिंटं थांबतील."

शुक्रवारी सकाळी फक्रुद्दीन पिशवी घेऊन हमरस्त्याकडेला उभा राहिला. दर पांढऱ्या मोटारीला हात करून झाला. एक तर थांबलीही, पण आत सांगलीचं वऱ्हाड होतं. शेवटी त्यानं फोन लावला.

"अब्बा, आम्ही कोल्हापूर मागं टाकून कागल ओलांडलं की," तमन्ना म्हणाली. मग आवाज खाली आणून, "तुम्ही रस्त्यावर उभे होता?"

"न्हाय गं. सहज लावला."

घरी येऊन तो गच्चीवर कुरडयांची राखण करत काठी घेऊन बसला. मनातून त्याला रडू येत होतं. दुपार कलली तसा पश्चिमेकडून वारा सुटला, दिवस मावळायला आभाळ काळंभोर झालं आणि रद्द झालेला वळीव वेळापत्रकाच्या आधीच फलाटावर लागला.

गारांसकट लागला. कुरडया पुन्हा चीक होऊन पन्हाळीतून वाहायला लागल्या. समोर पंगत नुकतीच बसली होती. पावणे पत्रावळी डोक्यावर घेऊन पळाले, आणि पांढऱ्या रश्शाचं पातेलं कुणी न वाढता काठोकाठ भरलं.

"कोण त्यो हवामानवाला?" हंबीरराव जिन्यात भिजून ओरडत होते. "घावला तर उलटा टांगतो!"

"टांगाच," फक्रुद्दीन क्षीण आवाजात म्हणाला.

तेवढ्यात बोळात पांढरी मोटार शिरली. आजऱ्याच्या पुढं दुपारीच वळवानं झाड आडवं पडलं होतं, घाट बंद. वसीम वैतागून उतरला, आणि मागून मदिहा दोन्ही नवे दात दाखवत पळत येऊन आजोबांच्या ओल्या पायजम्याला चिकटली. फक्रुद्दीननं तिला ओल्या अंगानंच उचललं. मदिनानं तर आंबा कापायचा सोडून आख्खाच नातीच्या हातात दिला.

जेवणं झाल्यावर तमन्ना बापाशेजारी येऊन टेकली. "हवामानवाले 'प्रवाशांनी नोंद घ्यावी' म्हणत नाहीत, अब्बा. शेवटच्या ओळीवरून ओळखलं, तुम्हीच रचलंय ते."

"मग गोव्याला कशाला व्हय म्हणालीस?"

"ह्यांना सासरवाडी म्हटलं की काम आठवतं, गोवा म्हटलं की रजा मिळती. आणि तुम्ही एवढं निरभ्र लिहिलंय म्हणजे खरा अंदाज काय असेल, कळलं की मला. वळवात घाट अडला की गाडी इकडंच वळणार, म्हणून मी गप्प बसले."

रविवारी सकाळी लख्ख ऊन पडलं. घाट मोकळा झाला होता, पुण्याचा रस्ताही. वसीम बॅगा काढायला लागला. फक्रुद्दीन कोपऱ्यात चष्मा चढवून बसला. घरच्या ग्रुपवर टिंग वाजलं : 'पुणे मार्गावर सोमवारपर्यंत वादळी पाऊस संभवतो. सर्व गाड्या रद्द. प्रवाशांनी याची नोंद घ्यावी.'

वसीमनं खिडकीतून उन्हाकडं पाहिलं, मग सासऱ्याकडं पाहिलं. पुन्हा टिंग वाजलं. तमन्नाचं उत्तर होतं : 'नोंद घेतली आहे.'