भानुदास सरांची सोयरीक

भानुदास सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं. एक्स-रेच्या फिल्मची बोटभर रुंद पट्टी असते. वाहतं पाणी दिसलं की ते ती पट्टी पाण्यात उभी धरतात. कॅनॉलवर धरतात, कॉलेजच्या बेसिनमध्ये धरतात, आणि एकदा रसवंतीत उसाच्या रसाखाली धरली तेव्हा मालकानं त्यांना हाकलून दिलं होतं. पाण्यानं पट्टी वाकते, पट्टी वाकली की पाणी वाट बदलतं, पाण्यानं वाट बदलली की पट्टी निराळी वाकते. "बघा मॅडम, दोघं बोलत्यात एकमेकांशी," सर म्हणतात. हात धुवायला मागं ताटकळलेली मी म्हणते, "त्यांचं बोलणं संपलं की सांगा, माझा डबा निवतोय."

बारामतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आमची टेबलं शेजारी शेजारी आहेत. मी ड्रॉइंग शिकवते आणि आता निवृत्तीला टेकले आहे. सर चाळिशीचे, बिनलग्नाचे, सालस. शिकवून उरलेल्या वेळात ते एक प्रोग्रॅम लिहितात. पाणी कसं वाहील याचं गणित करणारं एक सॉफ्टवेअर असतं. पाइप, भिंत किंवा धरणाचं दार किती वाकेल याचं गणित करणारं दुसरं असतं. दोघंही हुशार, पण एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. सरांचा प्रोग्रॅम मधे बसतो. पाण्याचा जोर भिंतीला सांगतो, भिंत किती हलली ते पाण्याला सांगतो, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे, दोघांचं जुळेपर्यंत. अशा प्रोग्रॅमला अडॅप्टर म्हणतात. सरांनी त्याचं नाव ठेवलं 'सोयरीक'. गणित चालवायला बसले की ते म्हणतात, आज बैठक आहे. आणि फिसकटलं की घरचंच लग्न मोडल्यागत तोंड करून सांगतात, "मोडली बैठक."

प्रोग्रॅम तयार झाला की सगळ्यांना फुकट. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, चुकलं असेल तर दुरुस्त करावा. प्राचार्यांनी एकदा विचारलं, "याचं पेटंट का घेत नाही?" सर म्हणाले, "मध्यस्थानं दलाली घेतली की सोयरीक नासते, सर." प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

पण सोयरीक काही जुळेना. गणितातली पट्टी जाड लोखंडाची असली तर निभायचं. पातळ, लवचीक असली की पाणी तिला जोरात ढकलायचं, ती लांब पळायची, मग उलट्या ओढीनं त्याहून जोरात परत यायची, आणि थोड्याच फेऱ्यांत पडद्याबाहेर जायची. यावर पुस्तकात उपाय दिलेला आहे. मध्यस्थानं एकाचं म्हणणं दुसऱ्याला एकदम सगळं सांगायचं नाही. निम्मं सांगायचं, मग अंदाज घेत घेत पुढचं. सरांना तो उपाय मंजूर नव्हता. "जे सांगितलं ते जसंच्या तसं पोचलं पाहिजे! मधल्यानं काटछाट केली तर तो मध्यस्थ न्हाय, खोटारडा," असं ते टेबलावर मूठ आपटून म्हणायचे. मुंगीलाही वाट देणाऱ्या या माणसाला एवढा त्वेष कशाचा, ते मला कळत नसे.

ते एका उन्हाळी रविवारी कळलं. उजनी धरणाचं पाणी उतरून पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं होतं आणि मला ते बघायचं होतं. सर त्याच गावचे, त्यांची मोटरसायकल बिघडलेली, म्हणून माझ्या गाडीतून दोघं गेलो. देऊळ बघून त्यांच्या घरी चहा घेतला. त्यांचे वडील, आबा, ओट्यावर बसले होते. बशी खाली ठेवत ते एकदम म्हणाले, "सांगवीला जाशील तवा त्या घरजावयाला सांग, मी मेलो तरी ह्या उंबऱ्याला पाय लावू नगंस."

"सांगतो," सर म्हणाले.

घरजावई म्हणजे सरांचा थोरला भाऊ, दत्ता. सासऱ्याला एकुलती लेक, म्हणून तो सांगवीला जाऊन सासरची शेती बघू लागला, आणि आबांनी त्याचं तोंड पाहणं सोडलं. बारामती दोन्ही गावांच्या मधे. सर एक रविवार इकडे जातात, एक रविवार तिकडे. त्या दिवशी मी गाडी तशीच पुढं सांगवीला नेली. दत्ता गोठ्यापाशी गुडघा चोळत बसला होता.

"आबा काय म्हणत हुतं?" त्यानं विचारलं.

"तुझा गुडघा कसा हाय, इचारत हुतं."

दत्तानं मान खाली घातली. मग म्हणाला, "त्यास्नी म्हणावं, तुमच्या हट्टापायी घर फुटलं. मी काय यायचा न्हाय."

"सांगतो," सर म्हणाले. आणि ते आबांना काय सांगणार, हे ओळखायला ज्योतिषी नको होता.

परतताना माझी जीभ वळवळलीच. "काय सर, जसंच्या तसं पोचलं पाहिजे ना?"

सर खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "मॅडम, दर रविवारी मी खोटं बोलतो. बाकीचे दिवस तरी खरं पोचवावं म्हणून तो प्रोग्रॅम लिहायला घेतला."

सरांच्या स्वतःच्या लग्नाची बैठक कधी का बसली नाही, तेही तेव्हाच उमगलं. बैठकीला बाप आणि भाऊ एका सतरंजीवर लागतात. मला फार वाईट वाटलं.

बारामती जवळ आली तेव्हा मी विचारलं, "दोघांचं एकदा जुळलं की मग त्या काटछाटीचं काय होतं? उत्तर खोटं निघतं?"

"न्हाय," सर म्हणाले. "जुळल्यावर ती उरतच न्हाय. उत्तर खरंच निघतं."

"मग अडलंय कुठं?"

त्या आठवड्यात त्यांनी मूठ न आपटता पुस्तकातला उपाय प्रोग्रॅममध्ये घातला. पट्टी पडद्यावर डोलली, डोलली आणि एका जागी थांबली. सरांनी सोयरीक जगासाठी खुली केली आणि मला कँटीनचा चहा पाजला.

पुढं दिवाळीनंतर आबा ओट्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, त्यांना बारामतीच्या दवाखान्यात आणलं. ऑपरेशनच्या दिवशी दत्तानं निरोप धाडला, मी येतोय. सर मला दवाखान्याच्या व्हरांड्यात घेऊन गेले. "मॅडम, दोघं समोरासमोर आले की माझं सगळं उघडं पडणार. मग मला ना पळसदेव, ना सांगवी." मी धीर दिला, पण मलाही भीती वाटत होती.

दत्ता आला आणि खाटेपाशी नुसताच उभा राहिला. मग म्हणाला, "गुडघा आता बरा हाय, आबा. तुमी दर बारीला इचारत हुता."

"मी?" आबा म्हणाले.

सरांचा हात खिशातल्या पट्टीवर गेला. आबांनी दत्ताकडे पाहिलं. मग धाकट्याकडे पाहिलं आणि त्याच्याकडेच पाहत राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "इचारत हुतो. लई दुखायचा का रं?"

दत्ता खाटेच्या कडेवर बसला आणि रडला. मीही डोळे पुसले, लपवायचं कशाला? सर तेवढे भिंतीला टेकून उभे होते. कुणाचं काही पोचवायचं उरलं नव्हतं आणि हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

जरा वेळानं आबा दत्ताला म्हणाले, "भान्याला इचार, जेवलास का." भान्या म्हणजे सर, खाटेपासून दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

दत्ता वळला. "आबा इचारत्यात, जेवलास का?"

सर भिंतीपासून एक पाऊल पुढं आले. "त्यास्नी सांग," ते म्हणाले, "जेवलो म्हणावं."

सकाळपासून मी त्यांच्याबरोबर होते. एका चहाशिवाय त्यांच्या पोटात काही नव्हतं.