आईचं झाड कुठलं?

१९८५ सालच्या जानेवारीत मिरजोळ्याचे कलमवाले भाऊ मयेकर एसटीने कोल्हापूरला गेले आणि तिथे त्यांनी एका अल्सेशियन कुत्रीकडे तिचं पिल्लू मागितलं. मालकाची हरकत नव्हती. कुत्रीची होती. भाऊ रिकामी करंडी घेऊन परत आले. जाताना-येताना मी त्यांच्याबरोबर होतो, म्हणून हे खात्रीने लिहितो.

खात्रीने लिहिण्याची सवय मला भाऊंनीच लावली. मी तेव्हा रत्नागिरीच्या एका दैनिकात बातमीदार होतो आणि भाऊंच्या बागेला लागून असलेल्या त्यांच्याच दोन खोल्यांत राहत होतो. रोज सकाळी ते जांभ्या दगडांच्या गडग्यापलीकडून, आमचा अंक हातात धरून हाक मारत.

"बातमीदार, ही पहिल्या पानावरची रायवळ आहे. बघितलंय कोणी?"

मी म्हणे, लोक सांगतात.

"लोक सांगतात म्हणजेच रायवळ. कोय कुणी टाकली ठाऊक नाय, झाड मात्र उभं."

ज्या बातमीत सांगणाऱ्याचं नाव असे ती कलमी. कलमी बातमी निघाली तर अंक घडी करून फळीवर जाई. बाकीचे अंक रोपांच्या मुळांना गुंडाळायला.

रत्नागिरीबाहेरच्या वाचकासाठी एवढं सांगायला हवं की कोय पडेल तिथे आपोआप उगवतो तो रायवळ आंबा. त्याची चव देवाच्या मर्जीवर. हापूस तसा उगवत नाही. रायवळ कोयीच्या कोवळ्या रोपावर चांगल्या हापूसची काडी बांधावी लागते, तेव्हा कलम होतं. काडी ज्या झाडाची, ते त्या कलमाचं आईचं झाड. भाऊंचा सगळा धंदा एका प्रश्नावर उभा होता: आईचं झाड कुठलं? गिऱ्हाइकाने विचारायच्या आधीच ते त्याला हाताला धरून आईच्या झाडाखाली नेत आणि दोघांची ओळख करून देत.

अडचण अशी की प्रश्न धंद्यापुरता राहिला नव्हता. गावात नवा डॉक्टर आला तेव्हा भाऊंनी मनगट पुढे करण्याआधी तो कुणाच्या हाताखाली शिकला ते विचारून घेतलं. स्टँडवरचा चहा रायवळ, कारण दूध कुठलं ते टपरीवाल्याला सांगता येईना. मुलाचं, सुरेशचं लग्न ठरवायला गेले असताना पोहे खाता खाता त्यांनी मुलीच्या वडिलांना विचारलं, "मुलगी बेस आहे. आईचं झाड कुठलं?" मुलीची आई आतून बाहेर आली. म्हणाली, "मालगुंडचं. आणि तुम्ही फळ बघायला आलाय की खोड?" भाऊंनी बशी खाली ठेवली आणि तिथल्या तिथे होकार दिला. ही गोष्ट ते स्वतःच सांगत, आणि प्रत्येक वेळी विहिणीचं कौतुक करत.

भाऊंच्या पत्नीला आम्ही काकी म्हणत असू. माझी मुलगी जन्मली तेव्हा माझी सासू घाटावरून येऊन पोचेपर्यंत बाळाचं आणि बाळंतिणीचं सगळं काकींनी केलं. त्याची परतफेड कशाने करतात ते मला अजून कळलेलं नाही.

काडी कापण्याची एक रीत काकींची होती. चाकू लावण्याआधी आईच्या झाडाच्या खोडाला हात लावायचा आणि म्हणायचं, "नेतो गो बाय." मग जरा थांबायचं. मी भाऊंना एकदा विचारलं, झाड काय उत्तर देणार?

"उत्तर देत नाय म्हणजे ने म्हणतंय. ही म्हणते, न विचारता कापलेली काडी जगते, पण रुसून जगते."

काकींना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. भाऊंच्या बोलण्यात त्या अजून म्हणतच असत.

कोल्हापूरच्या प्रवासाचं कारण त्याआधीच्या दिवाळीत घडलं. बागेच्या वरच्या अंगाला कातळावर भाऊंचा पाय घसरला. घोटा मुरगळला, उठता येईना, हाक कुणाला ऐकू जाईना. माझी बायको माहेरी होती. मी संध्याकाळी कचेरीतून आलो, पडवीत दिवा दिसला नाही, म्हणून शोधत गेलो. भाऊ एका काजूखाली टॉवेल उशाला घेऊन आडवे होते.

"उशीर केलास," ते म्हणाले. "माझी बातमी तरी वेळेवर घेशील असं वाटलं होतं."

सुरेश मुंबईत बँकेत होता, राहायला डोंबिवलीला. तो तातडीने आला. बापाचा पाय पाहिला, बाग पाहिली आणि माझ्यादेखत बोलला.

"बाबा, दोनांतलं एक करा. भुंकून चार माणसं गोळा करील असा कुत्रा ठेवा. नायतर बाग खंडाने देऊन माझ्याकडे चला. शिमग्याला येईन तेव्हा बघेन."

"चौथ्या मजल्यावर येऊन काय करू? कुंडीत कलमं बांधू?"

"काय पण करा. पण परत तुम्ही असे पडलात आणि मला चार दिवसांनी कळलं, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

बाग सोडायची नसेल तर कुत्रा आणायला हवा होता.

कुत्रा खरं तर होता. औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना बंद पडला, राखणदार गावी गेला, आणि त्याच्या मागे राहिलेला एक गावठी कुत्रा आमच्या बेड्यापाशी, म्हणजे बागेच्या फाटकापाशी, येऊन बसू लागला. रंग जांभ्याचा, एक कान फाटका, शेपूट वळलेलं. त्याला भुंकताना कुणी ऐकलं नव्हतं. माझ्या बायकोने सुचवलं, "भाऊ, हाच ठेवा की."

"रायवळ कुत्रा? कलमांच्या बागेत? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

म्हणून कोल्हापूर. सुरेशच्या ओळखीच्या कुणाच्या तरी ओळखीचे एक गृहस्थ तिथे अल्सेशियन कुत्री पाळत आणि पिल्लं विकत. त्यांनी आमच्यापुढे वंशावळीचा कागद ठेवला.

"हे बगा काका. पणज्यापातुर समदी नावं हाईत."

भाऊंनी कागद दोन्ही हातांत धरून वाचला. इतक्या आदराने त्यांनी आमचं दैनिक कधी धरलं नव्हतं. "कागद झकास," ते म्हणाले. "आता आई दाखवा."

"आई कशाला? पिल्लू न्यायचंय न्हवं?"

"आमच्यात आधी आईला विचारतात."

मालक हसले आणि आम्हाला मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. कुत्री पोत्यांवर पडली होती. बाकीची पिल्लं गेली होती. शेवटचं एक तिच्या पोटाशी होतं. पिल्लू देखणं होतं, यात वाद नाही. भाऊ उकिडवे बसले. कुत्रीच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू म्हणाले, "नेतो गो बाय." आणि थांबले.

कुत्रीने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती उठली, पिल्लाला मानेला धरून उचललं, पोत्यांच्या मागच्या कोपऱ्यात गेली आणि आमच्याकडे पाठ करून बसली.

"ती काय, सारखं असंच करती," मालक म्हणाले. "चार दिसांत इसरती बगा."

"विसरेल. पण नको म्हणाली."

"कोण?"

"ती."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असावं, मी तरी शहाण्यासारखं बोलेन. मी सांगितलं की नको म्हणाली, हे मीही पाहिलं.

येताना आंबा घाट उतरून होईपर्यंत भाऊ रिकामी करंडी मांडीवर धरून बसले होते. मग म्हणाले, "लोकांना काय सांगू?"

"झालं ते."

"हसतील मेले. पिल्लाचा कान पडका होता म्हणून सांगतो."

त्याप्रमाणे मिरजोळ्यात बातमी पसरली की भाऊंनी कोल्हापूरचा अल्सेशियन कानावरून नापास केला. ही बातमी पूर्ण रायवळ होती. लोकांनी माना डोलावल्या. भाऊंचं माप तेवढं कडक असणारच.

उरला बेड्यापाशी बसलेला तांबडा. पण भाऊ त्याला आत घेईनात, आणि त्याचं कारण आता वेगळं सांगू लागले.

"ह्याच्या आईला कुठं विचारू?"

मी म्हटलं, ह्याला कोणी नाही म्हणूनच तो इथे आला.

"हे तुला कुणी सांगितलं? बघितलंय कोणी?"

मग शोध सुरू झाला. पाय अजून जरा दुखत होता, तरी भाऊ काठी घेऊन वसाहतीत फिरू लागले. पुढे भाऊ, मागे कुत्रा. प्रत्येक फाटकावर थांबून राखणदाराला विचारायचं, "ह्याची आई बघितलीत?" एक राखणदार म्हणाला, "काका, ह्याच्या बापाचा पण पत्ता नाय." भाऊ म्हणाले, "बापाचं काम नाय." बर्फाच्या कारखान्यापाशी बसणाऱ्या एका मासेवालीने मात्र नीट आठवून सांगितलं की अशाच रंगाची एक कुत्री तिच्याकडे यायची, आता बरेच दिवस दिसली नाही, मेली असेल.

"असेल म्हणजे?" भाऊंनी विचारलं.

"असेल म्हणजे असेल. मी काय सुतक धरून बसू?"

अशा सांगण्यावर भाऊ निर्णय देणारे नव्हते. आत घेतला म्हणजे आईकडून नेला. तेव्हा कुत्रा बाहेरच. त्याचा भात बेड्याबाहेर केळीच्या पानावर. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की भाऊंचं बाजलं पडवीत नाही. ते त्यांनी बेड्याच्या आतल्या बाजूला आणून टाकलं होतं. कुत्रा बाहेर, भाऊ आत, मध्ये बांबूचे चार आडवे दांडे. भाऊ आपणहून म्हणाले, "पडवीत उकडतं."

शिमग्याला सुरेश आला. कुत्र्याला पाहून त्याने पहिला प्रश्न विचारला तो रास्त होता.

"हा भुंकतो का?"

"भुंकावं असं काय घडलं नाय अजून," भाऊ म्हणाले.

"मग कळणार कसं?"

"मी पडून दाखवतो."

परीक्षा बेड्याबाहेरच्या कातळावर झाली, कारण आत कुत्र्याला मनाई होती. भाऊ टॉवेल उशाला घेऊन रीतसर पडले आणि "आई गो" म्हणाले. सुरेश आणि मी काजूच्या आड उभे. कुत्रा आला. त्याने भाऊंचे पाय हुंगले, मग तोंड हुंगलं, एक फेरी मारली आणि भाऊंच्या कुशीला पाठ लावून झोपला. भुंकला नाही. थोड्या वेळाने भाऊंचाही डोळा लागल्यासारखा दिसला.

"हा तर सोबतीला झोपला," सुरेश म्हणाला. पुढे होऊन तो वाकला. "उठा बाबा. झालं बघून. बॅग भरा." आणि त्याने बापाच्या काखेत हात घातला.

कुत्रा उठला आणि भुंकला. थांबेचना. वसाहतीतले दोन राखणदार आणि तिथला एक टपरीवाला धावत आले, मुलीला कडेवर घेऊन माझी बायको आली. सुरेशने हात काढला. कुत्रा गप्प. त्याने पुन्हा हात घातला. पुन्हा तेच.

"जमली बघ चार माणसं," भाऊ आडव्यानेच म्हणाले.

सुरेश आधी हसला. मग कातळावर बापाशेजारी बसला आणि चष्मा काढून पुसत राहिला.

"आई असती तर म्हणाली असती, न्यायच्या आधी विचारलंस का," तो म्हणाला. "विचारलं. हा नको म्हणतो. राहा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी तो मुंबईला गेला.

आंबा उतरवायला घेण्याआधी भाऊ दरवर्षी बागेच्या राखणदाराला नारळ देत. हा राखणदार पगारी नव्हे. प्रत्येक जागेला एक न दिसणारा रखवालदार असतो. भाऊंच्या बागेतला बेड्याशेजारच्या रायवळाखाली, एका दगडाच्या रूपात आहे. घरच्या कर्त्याने गाऱ्हाणं घालायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला होकार द्यायचा. पूर्वी त्या होकाराने झाडावरचे कावळे उडत, असं भाऊ सांगत. त्या वर्षी होकार द्यायला मी एकटा होतो. कुत्रा बेड्याबाहेर बसला होता.

"बा राखणदारा, जाग्याच्या चारी कोपऱ्यांच्या धन्या, लेकरांनी नारळ ठेवलाय तो मान्य करून घे."

"व्हय महाराजा."

"आंब्यावर रोग येईल तो वरच्या वर उडव. चोराची नजर बांध, वानराची वाट मोड."

"व्हय महाराजा."

"लेक पोटासाठी मुंबईत हाय, त्याला नि त्याच्या घराला सुखी ठेव."

"व्हय महाराजा."

इथे गाऱ्हाणं संपतं. भाऊंनी हात जोडलेलेच ठेवले.

"आणि हा एक तांबडा. ह्याची आय आमाला गावली नाय. तुला सगळ्या वाटा ठाऊक. तिला गाठून सांग, तुझा पोर मयेकराच्या बागेत हाय. चोरलेला नाय. विचारायला गेलो होतो, तू भेटली नायस."

"व्हय महाराजा."

"आणि तिकडं ही भेटली तर हिला पण सांग. एकटा नाय म्हणून."

मग मी व्हय महाराजा म्हटलं.

भाऊंनी नारळ फोडला. एक भकल दगडापुढे ठेवलं, दुसरं मला दिलं. जरा थांबून ते माझ्या हातातून परत घेतलं, त्याचे दोन तुकडे केले, एक मला दिला. मग त्यांनी बेडं उघडलं. कुत्रा आत आला आणि त्याने आपला तुकडा खाल्ला. बाजलं आम्ही दोघांनी उचलून पडवीत नेलं.