शालूचं वजन

बाळा परब दर शनिवारी कारखान्याच्या स्टोअरमध्ये येऊन मालाच्या काट्यावर उभा राहायचा. जमिनीलगत लोखंडी फळी असलेला तो काटा बिडाचे ठोकळे, तारेची भेंडोळी आणि खिळ्यांची पोती तोलण्यासाठी होता. परब आधी चपला काढायचा, मग घड्याळ, मग चष्मा, मग खिशातली तंबाखूची डबी. शेवटी छातीतला श्वासही सोडून द्यायचा. "हवेचा वजन कित्याक धरूचा?" असा त्याचा सवाल. मग डोळे गच्च मिटून म्हणायचा, "पाटणकर, माल इलो. काटो बघ. माका बघू नको."

मी त्या स्टोअरचा कीपर. काट्यावर चढणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद करायची, असा नियम होता, आणि परबची नोंद मी कधी केली नाही. ही गोष्ट इतकी वर्षं मला टोचते आहे, यावरून माझा स्वभाव वाचकांच्या लक्षात येईल. रस्त्यात कुणी दुसऱ्याला ओरडून हाक मारली, तरी आपलंच काहीतरी चुकलं असणार असं मला वाटतं. परबला मात्र कसलीच टोचणी नसे. तो मशीन शॉपमध्ये फिटर होता, पन्नाशीला टेकलेला, मूळ मालवणकडचा. विक्रोळीत आम्ही हाउसिंग बोर्डाच्या एकाच इमारतीत राहायचो. मी पहिल्या मजल्यावर, तो चौथ्या. लिफ्ट नव्हती. जिन्याच्या वळणावर आधी त्याचं पोट यायचं आणि मागून तो. कामावरून आला की माझ्या दारात पाणी प्यायचा, दुसऱ्या मजल्यावर चपलेचा अंगठा नीट करायचा, तिसऱ्यावर कुणाच्या तरी पोराची चौकशी करायचा. ते सगळे धाप टाकायचे थांबे होते, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं.

दिवाळीनंतर त्याच्या मुलीचं, सुमनचं, लग्न ठरलं. मुहूर्त वैशाखातला. पेढे द्यायला आला तेव्हा दारातच उभा राहून त्याने जाहीर केलं, "वैशाखापर्यंत ह्या पोट उतरवतंय. सांगून ठेवतंय."

'सांगून ठेवतंय' हे त्याचं पालुपद. पाऊस येणार, भाजी महागणार, मशीनचा पट्टा तुटणार, सगळं तो सांगून ठेवायचा. ब्लडप्रेशर आहे, वजन उतरवा, असं डॉक्टर त्याला दोन वर्षं सांगत होते आणि त्या दोन वर्षांत त्याने दोन पँटी मोठ्या करून घेतल्या होत्या. तेव्हा आताच हे काय, असं आम्हाला वाटलं. इमारतीने आपापसात निकाल लावून टाकला, की परबला व्याह्यांसमोर सफारी घालून मिरवायचं आहे.

त्याचा मेहुणा मस्कतला होता. त्याच्याकडून परबने प्रोटीन पावडरचा भलामोठा डबा मागवला. डब्यावर चड्डी घातलेला एक गोरा पैलवान दंड फुगवून उभा होता. परबने त्याचं नाव जॉनी ठेवलं. "जॉनीक बघ. पोट खय आसा? पोटाच्या जागी जिनो हा!" पैलवानाच्या पोटावरच्या पायऱ्या बोटाने मोजून तो मला दाखवायचा.

पण महिना गेला, दुसरा निम्मा सरला, आणि काटा खाली येण्याऐवजी वर चढत गेला. आकडा सांगताना मला अपराध्यासारखं व्हायचं, जणू काट्याने माझ्याच सांगण्यावरून दगा दिला होता. शेवटी एका रविवारी मी त्याच्या घरी जाऊन पाहिलं. परबने सुरमईची कढी आणि भात चापून खाल्ला, वर सोलकढी प्यायली, आणि मग पेलाभर दुधात तीन चमचे जॉनी घालून ढवळला.

"अरे, हे जेवणावर घेतोस?"

"मग? उपाशी पोटार औषध कोण घेता? पित्त व्हता!"

मी डब्यावरचं बारीक इंग्रजी वाचून दाखवलं. ते जेवणाच्या ऐवजी घ्यायचं होतं. परबने डबा ओढून घेतला आणि जॉनीचं तोंड भिंतीकडे फिरवलं. आतल्या खोलीतून वहिनींचं हसू ऐकू आलं.

वहिनींबद्दल, म्हणजे परबच्या बायकोबद्दल, इथेच सांगायला हवं. त्या गिरगावात वाढलेल्या, बोलणं शहरी, जीभ धारदार. सांधेवाताने त्यांचे गुडघे धरले होते. खोलीतल्या खोलीत भिंतीला धरून चार पावलं टाकायच्या, पण जिना त्यांना बंद झाला होता. दोन वर्षांत त्या एकदाच खाली उतरल्या होत्या, इस्पितळात जायला. बाकी सगळं जग त्यांच्यासाठी खिडकीखाली असायचं. भाजीवाल्याशी भावही त्या चौथ्या मजल्यावरून करायच्या आणि जिंकायच्या.

"ऐकलंत का भाऊजी," त्या आतून म्हणाल्या, "त्या जॉनीलाच जावई करून घेतला असता तर पोसायला स्वस्त पडला असता."

मग परबचा खरा उद्योग सुरू झाला. रात्रीचा भात बंद झाला. डबा संपल्यावर त्याच डब्यात त्याने घरचं प्रोटीन भरायला सुरुवात केली. भाजलेले चणे, शेंगदाणे, सोयाबीन, दुधाची पावडर, आणि मालवणी माणूस असल्यामुळे भाजलेला सुका जवळा. तो मिक्सर फिरला की आसपासची मांजरं चौथ्या मजल्यावर जमायची. मी शाकाहारी, शिवाय माझंही पोट सुटलेलं, म्हणून माझ्यासाठी त्याने जवळ्याशिवाय वेगळी पावडर करून आणली. मिक्सर मात्र एकच होता. ते मला कळत होतं, वासही येत होता, तरी त्याने एवढ्या प्रेमाने आणलं म्हणून मी प्यायलो. आवडलं, हेही कबूल करतो. हे वाक्य माझ्या बायकोच्या वाचनात येऊ नये, एवढीच इच्छा आहे.

पहाटे तो खाडीच्या रस्त्याने मिठागरांपर्यंत तरातरा चालून यायचा. मीही जायचो, पण परतताना कोपऱ्यावरच्या गाडीवर वडा खायचो आणि दिवसभर स्वतःला दोष देत बसायचो. काटा हळूहळू उतरू लागला. माझ्या दारातलं पाणी बंद झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या चपला आपोआप नीट राहू लागल्या.

माघात त्याने वाळूची गोणी आणली. गोणीला जुनी गोधडी गुंडाळायची, ती पाठीवर घ्यायची आणि चौथ्या मजल्यावरून खाली, खालून वर. लोक दूध आणायला निघायचे तेव्हा जिन्यात हा गोणी घेऊन भिंतीला चिकटलेला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "परब, गच्चीवर बांधकाम काढलंय का?" तो म्हणाला, "होय. तुमका पेन्टहाऊस देतंय." मी म्हटलं, "अरे, पोट उतरलं ना? आता ही हमाली कशाला?" त्यावर नुसता हसला.

होळीच्या सुमाराला एका शनिवारी तो सायकलच्या कॅरिअरवर ती गोणी बांधूनच स्टोअरमध्ये आला. आधी गोणी काट्यावर ठेवली. काटा बघून मान हलवली. मग पिशवीतून आणखी वाळू काढून गोणीत ओतू लागला.

"पुरे की!"

"थांब. शालू धरूचो रवलो."

"कुठला शालू?"

परबने हात झटकले. इकडेतिकडे बघितलं. स्टोअरमध्ये आम्ही दोघंच होतो.

"तिचो," तो म्हणाला. "वजन इस्पितळाच्या कागदार होता. पण लग्नात शालू असतलो. दागिने असतले. ता धरूक नको?"

मग त्याने मला सांगितलं. मागच्या वर्षी इस्पितळात न्यायचं होतं तेव्हा चौघांनी खुर्चीत बसवून वहिनींना खाली उतरवलं होतं. त्या चौघांत मीही होतो. खाली पोरांनी खेळ थांबवला, बायकांनी डोळ्यांना पदर लावले, कुणीतरी हात जोडले. वहिनींनी हे सगळं खुर्चीतून पाहिलं. परत आल्यावर त्या म्हणाल्या, "आता चौघांनी उचलायचं ते एकदाच." सुमनचं लग्न ठरलं त्या रात्रीही त्यांचं तेच. तुम्ही सगळे जा, मी खिडकीतून अक्षता टाकीन. परब म्हणाला, मी एकटा नेईन तुला. त्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "आधी स्वतःचं पोट तर वर आणून दाखवा!"

"तेव्हाच सांगायचंस ना आम्हाला," मी म्हणालो.

"सांगितला असता तर काय केला असतात?" परब म्हणाला. "चौघे धावान इले असतात."

मी ओंजळभर वाळू उचलली आणि गोणीत टाकली. "नथ," मी म्हणालो. तो पहिल्यांदाच माझ्यावर खूश झालेला दिसला.

लग्नाच्या दिवशी सकाळी त्याने मला जिन्याचा बंदोबस्त दिला. "जिनो रिकामो ठेव. कोण मदतीक इलो तर तू आडवो पड. सांगून ठेवतंय."

सुमन आणि वऱ्हाड पुढे मुलुंडच्या हॉलवर गेलं होतं. खाली टॅक्सी उभी होती. वहिनी शालू नेसून खाटेवर बसल्या होत्या आणि ऐन वेळी त्यांनी हट्ट धरला होता. "मी नाही येत. तुमच्या छातीला काही झालं तर पोरीच्या लग्नाच्या दिवशी मी काय करू?"

परब त्यांच्यापुढे पाठ करून उकिडवा बसला. "गोणी एवढी बडबडत नव्हती," तो म्हणाला. "बस गो."

त्या बसल्या.

मी दोन पायऱ्या पुढे, उलटा उतरत होतो. परबचा एक हात कठड्यावर, एक मागे वहिनींना धरून. चौथा ते तिसरा मजला एका दमात झाला. तिसऱ्याच्या वळणावर त्याचा पाय किंचित घसरला आणि माझे हात आपोआप पुढे गेले. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की ते मी तिथेच मागे घेतले. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला. कपाळ भिंतीला टेकवलं. मानेवर घाम निथळत होता, आणि मला त्याचं ब्लडप्रेशर, डॉक्टर, ती इस्पितळाची खुर्ची, सगळं एकदम आठवलं. आणखी तिघांना हाक मारून बोलवावं असं अगदी ओठांवर आलं. मी देवाला म्हणालो, हा माणूस सुखरूप खाली उतरू दे, मी वडा सोडतो.

"उतरवा मला," वहिनी हळूच म्हणाल्या.

"गप," परब धापेतून म्हणाला. "शालू हलको निघालो. माझो हिशोब चुकलो."

वहिनींनी पदराने त्याची मान पुसली. तो पुन्हा चालू लागला, आणि तळमजल्याच्या शेवटच्या पायरीवरून त्याचं पाऊल फरशीवर पडलं तेव्हा मी एवढा मोठा श्वास सोडला की टॅक्सीवाल्याने वळून पाहिलं.

लग्न झालं. वहिनींनी लेकीच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने अक्षता टाकल्या. संध्याकाळी आम्ही परत आलो आणि जिन्याच्या तोंडाशी टॅक्सी थांबल्यावर माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून मी फक्त उतरण्याची काळजी केली होती. वर चढायचंही होतं, आणि परबने हॉलमध्ये व्याह्यांच्या आग्रहाने जिलेब्या खाल्ल्या होत्या.

पण तोवर इमारतीला सगळं कळलं होतं. कुणी उचलायला आलं नाही. माझ्या बायकोने आमच्या दारात खुर्ची मांडून ठेवली होती. वहिनी तिथे टेकल्या, हळदकुंकू झालं, पन्हं झालं. परब कठड्याला टेकून दम खात होता. दुसऱ्या मजल्यावर पुन्हा खुर्ची, पुन्हा हळदकुंकू. तिसऱ्यावर तर त्यांनी आत जाऊन नवा ओटा पाहिला आणि त्याला नावं ठेवली. दोन वर्षांनी त्या शेजाऱ्यांकडे गेल्या होत्या. वर पोचायला दिवेलागण झाली. त्यांच्या ओटीत इतके नारळ जमले होते, की ते उचलायला मात्र चौघं लागले.

पुढच्या शनिवारी परब पुन्हा काट्यावर उभा! मी म्हटलं, "आता कशाला? लग्न पार पडलं."

"आता रोज खाली आणतंय तिका," तो डोळे मिटून म्हणाला. "पोरगी गेली. घर खाऊक उठता. काटो बघ."

वाळू त्याने पोरांच्या घसरगुंडीखाली ओतून टाकली होती. त्यानंतर संध्याकाळी वहिनी आवारातल्या बाकावर बसलेल्या दिसायच्या. भाजीवाल्याशी आता समोरासमोर भांडायच्या. आणि बाकापाशी परब बैठका काढायचा. मोजायचं काम वहिनींकडे. मी वडा खरोखरच सोडला होता आणि त्याच्या शेजारी चार बैठका काढून आधीच खाली बसलेलो असायचो.

"नऊ... दहा..." एका संध्याकाळी वहिनी मोजत होत्या. "अकरा... बारा... पंधरा."

परब वाकलेला तसाच थांबला. "तेरा नि चवदा खय गेले गो?"

वहिनींनी पदर नीट केला आणि इमारतीकडे, अगदी चौथ्या मजल्यापर्यंत, नजर टाकली.

"ठेवलेत," त्या म्हणाल्या. "वर जाताना लागतील."