तारेखालच्या कोंबड्यांची बखर

“वैनी, समदी कोंबड्यांची फौज उद्याच कटाईला धाडा, नायतर दाण्यापायी घर बसंल,” ऐसे येसबाराव भर अंगणात कडाडले, आणि हौसाबाईसाहेबांच्या हातचा चहा जागीच गार जाहला. श्री अंडेश्वर राखणारा आहे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, पौष मास, थंडी कडक, ते समयीचे वर्तमान ऐसे जे, बाईसाहेबांच्या पोल्ट्रीच्या राज्यावरून विजेची मोठी तार गेली, ती नेमकी कोंबड्यांच्या शेडवरून. धनी कैलासवासी जाहले, तेव्हापासून बाईसाहेब एकट्याच राज्य चालवीत, आणि अंड्यांवर लेकीचे नर्सिंग चालले होते. कोंबड्या गेल्या की लेक कॉलेज सोडून घरी येणार, हे उघड होते. आणि येसबाराव, म्हणजे धाकटे दीर, कुठलासा व्हिडिओ बघून आले, की तारेभोवती चुंबक असते आणि ते पोटातले अंडे सुकविते. मग विजेची बाधा कमी व्हावी म्हणोन त्यांनी शेडमधले बल्ब उतरविले. बल्ब सापाच्या भयाने लावतात, ऐसाच सर्वांचा समज. धनी लावीत म्हणोन लावीत, का ते कोणी पुसिले नव्हते. आणि मग खरेच अंडी आटली, आणि दीर छाती काढून हिंडू लागले.

मग बाईसाहेबांनी जनावरांच्या डॉक्टरीण मुजावर मॅडम यांस आणविले. त्यांनी चुंबक मोजायचे यंत्र तारेखाली धरिले, आकडा जरासा हलला. मग दाणा भरडायच्या चक्कीच्या मोटरीस लाविले, तो आकडा उसळलाच. दीर म्हणाले, चक्कीही फोडू. मॅडमनी यंत्र मागे घेतले, आकडा लगेच बसला, आणि बोलल्या की लांब गेले की जोर सरतो, तार तर आभाळात आहे, एवढ्याने अंडी आटल्याचे कोणी दाखविलेले नाही. आणि वर बघून पुसिले, “ताई, बल्ब कुठं गेले?”

येसबाराव पायातली चप्पल न्याहाळीत राहिले.

“थंडीत दिवस लहान. उजेड कमी पडला की कोंबडी अंडी घालायची थांबते. बल्ब लावा, कटाई राहू द्या.”

“भावजी,” बाईसाहेब हळूच बोलल्या, “शिडी आणा. तुमच्याच हातानं लावा.”

आणि कटाईवाला रिकामा परतला, आणि माघात एके सकाळी बाईसाहेबांस भुशात ऊन ऊन अंडी सापडली, तसा त्यांनी तिथूनच लेकीस फोन लाविला की परीक्षेचं बघ, इकडची काळजी सोड. दीर हल्ली गावभर सांगतात, बल्बाची अक्कल आपलीच.

एकूण काय, तार वर आहे, कोंबड्या खाली आहेत, राज्य वाचले. पुढेही पुष्कळ लिहायचे होते, पण अंड्यांचा टेम्पो दारात हॉर्न मारतोय, ट्रे चढवायचेत, निघतो.