सुभानजी लोहारांच्या मालकीवरून उठलेले रण

अग्निनारायणास दंडवत, ग्रामदैवत भैरोबास दंडवत. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी राज्यात, म्हणजे आमच्या गावी, जो कल्लोळ उठला तो आम्ही डोळां पाहिला, तो विसरला न जावा म्हणोन लिहितो. चित्त देऊन ऐकावे.

त्या समयी राज्यात गेणूराव कळसाईत, जातीचे लोहार, वेल्डिंगच्या दुकानाचे धनी, मोठे नामांकित. त्यांस एकच अभिमान. दीडशे वर्षांमागे सुभानजी लोहार म्हणोन थोर कारागीर होऊन गेले, त्यांनी भैरोबाच्या महाघंटेची साखळी घडविली, तेच आपले मूळपुरुष, ऐसे ते येत्याजात्यास सांगत, आणि चहा पाजून पुन्हा सांगत. मग कन्या केतकी हिचा विवाह मयूर पोपळघट याशी ठरला. मुले एकमेकांस पसंत, कार्यालय धरिले, पत्रिका वाटल्या. साखरपुड्यास व्याही रंभाजीराव पोपळघट सहकुटुंब आले आणि गेणूरावांनी शिरस्त्याप्रमाणे सुभानजींची थोरवी आरंभिली. तो रंभाजीराव बशी खाली ठेवोन बोलिले, "अहो, सुभानजी तर आमचे मूळपुरुष. तुम्ही त्यांना कुठून आणलं?" मूळपुरुष एक म्हणजे कुळ एक, आणि कुळ एक म्हणजे वधूवर बहीणभाऊ, मग लग्न कैचे! केतकीच्या तोंडचे पाणी पळाले. ती म्हणाली, "पप्पा, म्हणा ना, आपला नाही तो." गेणूराव म्हणाले, "बाळ, देह ठेवीन, पण सुभानजी सोडणार नाही." रंभाजीरावही मिशीस पीळ देऊन बसले.

मग उभय दळे तैसीच देवळावर चालोन गेली. रॉकेलचा डबा, चिंध्या, शिडी ऐसा सरंजाम बरोबर घेतला. लोहारांत एका घराचा एकच ठसा, तो घडविल्या लोखंडावर मारावा, ऐसी चाल. गेणूरावांनी घंटेलगतची शेवटली कडी घासली आणि काजळी जाताच चंद्रकोर दिसू लागली. कळसाईतांचा ठसा! गेणूरावांस हर्ष अंगी मावेना. ते म्हणाले, "लहानपणापासून हीच कडी बघतोय मी." आणि मागे वळोन पाहतात तो केतकी रडत आहे. मग गेणूरावांचा आनंद जागीच विझला.

तेव्हा मयूर शिडी चढला. आढ्याशी पहिली कडी, तेथवर आजवर कोणाची मान वळली नव्हती. मयूर वरून म्हणाला, "इथं तीन ठिपके आहेत." तीन ठिपके म्हणजे पोपळघट! दोन्ही दळांत एकच गलबला उठला, शिडी हालली, गुरव ओरडला. मग गेणूरावांची आत्या चंपाबाई, वय नव्वदीस टेकले, पायरीवर बसल्या बसल्या बोलिली, "पहिल्या कडीवर लोहाराचा ठसा. शेवटच्या कडीवर भाता ओढणाऱ्याचा. माझा बाप सांगायचा. तुझा पणजा राणू सुभानजींचा भाता ओढायचा, गेणू." गेणूराव म्हणाले, "आत्या, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तू बोलू कुठं देतोस कुणाला?"

गेणूराव घंटेखाली उभे राहिले. आयुष्यभराची मिरास एका वाक्यात गेली, काळजास चरका बसला, हे आम्ही समक्ष पाहिले. मग त्यांनी केतकीकडे पाहिले. आणि सारे बळ एकवटोन, अवघ्या देवळास ऐकू जाय ऐसे बोलिले, "ऐका हो सगळे. सुभानजी आमचे कुणी नव्हेत. आम्ही भातेवाले राणूजीचे. घरं दोन, कुळं दोन, सोयरीक पक्की." आणि स्वहस्ते घंटा वाजविली, आणि रंभाजीरावांनी धावोन त्यांस मिठी मारिली, आणि व्याही-विहिणी, गुरव, रस्त्याने जाणारे, सर्वांनी मिळोन ऐसा जल्लोष केला की कबुतरे उडाली. साखरपुडा तेथेच देवापुढे जाहला.

तात्पर्य, लग्न यथासांग पार पडले. सुभानजी व्याह्यांकडे गेले, पाठोपाठ कन्याही व्याह्यांकडे गेली, गेणूरावांचे घर दोहोंकडून रिते जाहले, आणि तरी ते गावभर पेढे वाटीत हिंडले. इतके लिहोन लेखणी ठेविली.