आमच्या सोफ्यावरचे मेहमूदभाई

मेहमूदभाई कुठलीही वस्तू घेण्याआधी ती हुंगतात. खुर्ची असो, कपाट असो नाहीतर चहाची किटली. चष्मा कपाळावर चढवायचा, डोळे मिटायचे आणि नाक लावायचं. जुन्या सामानाच्या दुकानात पन्नाशी उलटलेला माणूस एका गादीवर पालथा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मला वाटलं याला भोवळ आली. मी पर्समधली पाण्याची बाटली काढून धावले.

"पाणी नको, वहिनी," ते गादीत तोंड खुपसूनच म्हणाले. "घर चांगलं होतं हिचं."

सौदीतल्या दम्माममध्ये आमच्या इमारतीत ते गच्चीवरच्या एकुलत्या एक खोलीत राहतात. अशा खोलीला इथे मुल्हक म्हणतात. गाव दापोलीकडचं, नोकरी एका ट्रेडिंग कंपनीत स्टोअरकीपरची, आणि इथे येऊन तेवीस वर्षं झालेली. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांना शोधायचं तर जमईयेच्या दुकानात. जमईया म्हणजे धर्मादाय संस्था. लोक वापरलेलं सामान तिथे देऊन टाकतात, कायमचे मायदेशी निघालेले तर अख्खं घरच देतात, आणि संस्था ते स्वस्तात विकून पैसे गरजूंना वाटते.

मेहमूदभाईंच्या नाकाचं एक शास्त्र आहे. लाकडाला ऊदाचा वास आला की सौदी घर, वस्तू जपून वापरलेली. कांदा-लसणाचा आला की मालक आपल्यापैकी, म्हणजे वस्तूचा शेवटपर्यंत पिट्ट्या पाडलेला. डांबराच्या गोळ्यांचा असला तर म्हातारी माणसं. आणि फिनेलचा आला तर "यल्ला, चला वहिनी, काहीतरी धुऊन काढलंय."

दुकानातला सुदानी विक्रेता उस्मान बिचारा दर गुरुवारी सांगतो, "हबीबी, जमईया आहे, भाव एकच." पण ऐकतील तर शपथ. "पुण्याचं काम म्हणून घासाघीस करायची नाही? वस्तूला काय वाटेल?" असं ते मला वर विचारतात. नव्या मालाचा त्यांना मनापासून तिटकारा. आमच्या ह्यांनी नवाकोरा टोस्टर आणला, तर खोका बघून म्हणाले, "नवं काय, कुणीही घेतं. जुनं घ्यायला डोळा लागतो." त्यांचा स्वतःचा टोस्टर पावाची एकच बाजू भाजतो. तान्ह्या मुलांची एक ढकलगाडी त्यांनी पाण्याच्या बाटल्या वर न्यायला घेतली होती. महिनाभर इमारतीतल्या बायका लिफ्टमध्ये तिच्यात डोकावून "माशाल्ला" म्हणायला वाकायच्या आणि बाटल्या बघून गप्प व्हायच्या.

चार वर्षांपूर्वी एक दिवस त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "वहिनी, तुमचा हॉल दर शुक्रवारी अर्धा तास मिळेल का?"

माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी खुलासा केला. इथे आले तेव्हा गावी बायको, जैबून, रडत होती. तिला धीर यावा म्हणून त्यांनी सांगून टाकलं, मोठा फ्लॅट मिळालाय, एसी आहे, सोफा आहे. फोनवर सोफा दिसत नव्हता, तोवर ठीक चाललं होतं. मग व्हिडिओ कॉल आला आणि पंचाईत झाली.

"मग आता खरं सांगून टाका," मी म्हटलं.

"इतक्या वर्षांचं खोटं आहे, वहिनी. आता मोडलं तर तिला वाटेल, बाकी जे जे सांगितलं तेही असंच असेल. आणि मी कसा राहिलो ते कळलं तर गावी तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही."

दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपली की मेहमूदभाई इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या सोफ्यावर हजर. मी स्वयंपाकघरात कोंडलेली, आणि बाहेर माझ्या पडद्यांची स्तुती चाललेली, ती मात्र त्यांच्या नावावर. एकदा विसरून मी आतून ह्यांना ओरडले, "अहो, आमटी गरम करू का?" मग मेहमूदभाईंचा आवाज, "टीव्ही गो, टीव्ही लागलाय." एका दिवाळीला मी हिरवे पडदे काढून मोहरीच्या रंगाचे लावले. जैबूनभाभींनी विचारलं, पडदे कधी बदललेत? मेहमूदभाई पापणी न हलवता म्हणाले, "हिरव्याचा कंटाळा आला." फोन ठेवल्यावर मला मात्र दटावलं, "वहिनी, पुढच्या वेळी आधी सांगत जा."

आणि मग त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं, व्हिजिट व्हिसा निघाला, आणि मेहमूदभाई पांढऱ्या चेहऱ्याने आमच्या दारात उभे राहिले.

"जैबून येतेय. तीन महिने."

"अरे वा!"

"वा काय, वहिनी? ती तुमच्या हॉलमध्ये राहायला येतेय!"

दुसऱ्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट त्यांनी तीन महिन्यांसाठी घेतला. आता पंधरा दिवसांत त्यात आमचा हॉल उभा करायचा होता, आणि तोही जमईयेतून, कारण नव्या सोफ्याला तर गेली चार वर्षं बसलेला सोफा कोण म्हणेल? त्यांनी मोबाइलवर माझ्या हॉलचे फोटो काढले, टेप लावून उशा मोजल्या, पडद्याच्या कडेचा एक दोरा उपटून नमुना म्हणून पाकिटात ठेवला. संशयित पकडायचा असल्यासारखे ते फोटो उस्मानला दाखवत फिरले. सोफा मिळाला, पण डावा हात फाटका. तो भिंतीकडे केला. घड्याळ मिळालं, हुबेहूब, फक्त चालत नव्हतं. माझ्या टीव्हीशेजारचा पितळी हत्ती काही मिळेना. शेवटच्या गुरुवारी ते एक पितळी उंट घेऊन आले.

"मेहमूदभाई, हा उंट आहे."

"लांबून कळत नाही," ते ठामपणे म्हणाले.

मी हसले, पण ते फोटो आणि उंट आळीपाळीने बघत राहिले. त्या पंधरा दिवसांत त्यांनी काही हुंगल्याचं मला आठवत नाही. फोटोशी जुळतंय ना, एवढंच बघायचे.

जैबूनभाभी आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. फ्लॅटभर फिरल्या, सोफ्यावरून हात फिरवला, उंटासमोर जरा थबकल्या. "तुम्ही सांगत होतात तस्संच आहे," एवढंच म्हणाल्या. मेहमूदभाईंनी सोडलेला श्वास मला दारापर्यंत ऐकू आला.

चौथ्या दिवशी सकाळी त्या फणसपोळीचा डबा घेऊन आमच्याकडे आल्या. पीपहोलमधून मी त्यांना पाहिलं. माणूस लपवता येतो, सोफा कुठे लपवणार? मी धावत जाऊन त्यावर चादर टाकली, हत्ती कणकेच्या डब्यात कोंबला आणि दार उघडलं.

भाभी आत आल्या. पडद्यांकडे बघितलं. मग सावकाश पुढे होऊन चादरीचं एक टोक उचललं.

"हा खरा," त्या म्हणाल्या.

मी चादर पुन्हा ओढायला पुढे झाले.

"घाबरू नको, बाय. मला पहिल्या शुक्रवारीच कळलं होतं. स्वतःच्या घरात माणूस असा सोफ्याच्या काठावर बसतो काय? कुणी आलं की उठायला लागेल, असा?" मग त्या हसल्या. "आणि ती टीव्हीतली बाई. काय सुंदर आवाज! आमटीची हाक थेट दापोलीला ऐकू आली."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"इतक्या मेहनतीने सांगत होते. मला मोडवेना." त्यांनी चादरीचं टोक पुन्हा नीट खोचलं. "मला एवढंच सांग, ते राहतात कुठे?"

खोटं बोलायची माझी ताकद संपली होती. मी बोट वर केलं.

तीन महिन्यांनी परत मुल्हकमध्येच जायचं होतं, म्हणून मेहमूदभाईंचा संसार अजून वरच होता. संध्याकाळी कामावरून आले की ते आधी तिथेच जात. भाभी म्हणाल्या, "ते असतानाच जाऊ. पाठीमागून नको." म्हणून आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो.

दार उघडंच होतं. एक लोखंडी पलंग, एक खिडकी, खिडकीतल्या एसीच्या फटीत पुठ्ठे कोंबलेले, आणि चालायला जेमतेम दोन पावलं जागा. मेहमूदभाई वळले. दारात बायकोला बघून शाळेत पकडलेल्या पोरासारखे उभे राहिले.

"जैबून, इथे मी जुनं सामान ठेवतो," ते म्हणाले.

"हो?" भाभी म्हणाल्या आणि पलंगावर जाऊन बसल्या. उशीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "डोकं या बाजूला करता?"

मेहमूदभाईंनी मान खाली घातली. "तुला कळायला नको होतं. माफ कर."

"माफी कसली मागता? तेवीस वर्षं रोज निजताना तुम्हाला डोळ्यांपुढे आणायचे. पण गेली चार वर्षं ठेवायचे कुठे तेच कळायचं नाही. त्या सोफ्यावर तुम्ही बसतच नव्हतात." त्यांनी उशी सरळ केली. "तीन महिन्यांनी मी परत जाणार. तेव्हा मला माहीत तर पाहिजे, माझा माणूस कुठे आहे ते. आता सगळं नीट दाखवा."

मला रडू आवरेना. मी जिन्याकडे वळले, पण पहिल्याच पायरीवर थांबले. मग मेहमूदभाईंचा आवाज आला, अगदी हळू, पण हळूहळू मोकळा होत गेलेला.

"हं, डोकं या बाजूलाच. त्या बाजूला एसी ठिबकतो. जेवतो इथे, खाली बसून. चष्मा या खिळ्याला लावतो, अंधारात हाताला लागतो म्हणून. आणि तुझा फोन येऊन गेला ना, की मग इथे, या खिडकीपाशी येऊन उभा राहतो."